चाळीस टक्के

फोन आला तेव्हा मी एका मेलेल्या म्हाताऱ्याला त्याच्या नातीच्या लग्नात उभं करत होतो. म्हातारा दोन वर्षांपूर्वी गेलेला, फोटो त्याच्याही आधीचा, बागेतल्या बाकावर बसलेला, आणि घरच्यांना तो नवरीच्या उजवीकडे उभा हवा होता. बसलेल्या माणसाला उभं करणं आमच्या धंद्यात फारसं अवघड नाही, पाय कुणाचेही चालतात. अवघड असतो तो उजेड. बागेतला उजेड हॉलमध्ये आणला की माणूस कात्रीनं कापून चिकटवल्यासारखा दिसायला लागतो. मग त्याच्या पायाशी सावलीचा एक लेअर मल्टिप्लायवर टाकायचा, म्हणजे पांढरं सगळं विरून जातं आणि काळं तेवढं उरतं. अंगावर हॉलच्या पिवळ्या रंगाचा एक लेअर सॉफ्ट लाइटवर, ओपॅसिटी, म्हणजे थराचा दाटपणा, पंचवीस टक्के, फार तर तीस. तिसाच्या वर गेलं की कावीळ झाल्यासारखा दिसतो. हे सगळं हाताला पाठ आहे, डोकं लागत नाही, आणि डोकं लागत नाही म्हणूनच मी वीस वर्षं त्या खुर्चीत टिकलो. मालक मागून डोकावून म्हणाला, "आजोबांना जरा हसवा की. लग्न आहे." मी म्हटलं, "हसवतो, पण दात नाहीत त्यांना." "मग लावा कुणाचे तरी," मालक म्हणाला आणि काउंटरवर गेला. मी कुणाचे तरी दात शोधत होतो आणि तेवढ्यात फोन वाजला.

"तुम्ही हरवलेल्या माणसाचं पत्रक दिलं होतं का? जुनं आहे, सोळा वर्षांपूर्वीचं." बाईंचा आवाज दमलेला होता, पण कामाचा. मी हो म्हटलं. "मी निवारा केंद्रातून बोलतेय. आमच्याकडे एक माणूस होता, परवा वारला. नाव-पत्ता काही नव्हतं त्याला. आता नियम असा आहे की फायलीत जेवढी जुनी पत्रकं आहेत त्या सगळ्यांना एकदा फोन करायचा. तुमचा सातवा. तुमच्या पत्रकाशी तो जुळत नव्हता हे मी आधीच सांगते, उगाच आशा लावून घेऊ नका. फोटो पाठवते. बघा आणि नाही म्हणून कळवा, म्हणजे माझा कागद पुरा होईल." आशा हा शब्द त्यांनी कुठल्या अर्थानं वापरला ते मला कळलं नाही. मेलेला माणूस आपला निघावा ही आशा, की आपला निघू नये ही? सोळा वर्षं झाल्यावर दोन्हींत फारसा फरक उरत नाही. फोटो आल्याचा आवाज झाला. मी फोन पालथा ठेवला आणि म्हाताऱ्याला दात बसवले. चांगले बसले. मालकाला दाखवले, त्यानं मान डोलावली, मग हात धुऊन आलो, आणि मग फोन उलटा केला.

मी त्याला ओळखलं नाही. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं ते सगळं त्यातून झालं. डोक्यावरचे केस बारीक कापलेले, दाढीचे पांढरे खुंट, गाल आत गेलेले, आणि डोळे कॅमेऱ्याच्या बाजूला, शेजारी कुणी उभं असावं तसे, त्या कुणाकडे तरी. कुठलाही माणूस. मी हुश्श केलं. अंगातून काहीतरी सैल झालं आणि त्याची मला लाजही वाटली. आता फोन करून नाही म्हणायचं एवढंच उरलं होतं. पण वीस वर्षं मी हेच केलंय, डोळ्याला जे दिसतं त्यावर विश्वास ठेवायचा नाही. डोळा लबाड असतो, त्याला जे बघायचं असतं तेच तो बघतो. म्हणून मी तो फोटो मशीनवर घेतला आणि पत्रकाची फाइल उघडली. ती फाइल माझ्या मशीनवर अजून आहे. मधल्या काळात मशीनं चार बदलली, दर वेळी मालकाच्या नकळत ती मीच नव्या मशीनवर आणली. खाली पत्रकातला चेहरा ठेवला, वर केंद्रातला. डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर जुळवलं, हनुवटी जुळवली आणि वरचा लेअर डिफरन्सवर टाकला. हा मोड गिऱ्हाइकांसाठी कुणी वापरत नाही. दोन चित्रं एकमेकांवर नीट बसली आहेत का ते बघायला आम्ही वापरतो. जे दोन्हींत सारखं असतं ते काळं होतं, जे वेगळं असतं ते उजळतं. सोळा वर्षांनी सगळं काळं होणार नव्हतंच. केस उजळले, गाल उजळले. नाकाचा वरचा भाग मात्र काळा झाला. कानाची वरची कड काळी झाली. जबड्याच्या हाडाची रेघ, डावीकडे थोडी वाकडी, तीही काळी झाली. आणि डोळे, दोन्ही, भुवयांसकट, असे पांढरेफटक पेटले की मी खुर्ची मागे सरकवली.

कान मी उसना घेतला नव्हता. कान त्याचाच होता. डोळे माझे होते.

धाकटा भाऊ घरातून गेला तेव्हा चोवीस वर्षांचा होता. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, निदान सांगायला काही असतं. तसं काहीच झालं नाही. त्या आधीचं वर्षभर तो कमी कमी होत गेला होता. बोलणं कमी, जेवण कमी, नोकरी सुटली, मग दाराबाहेर जाणं सुटलं. आई त्याला डॉक्टरकडे नेऊ या म्हणायची आणि मी म्हणायचो, होईल ठीक, वय आहे. एका सकाळी आईनं त्याला पाकीट टपालपेटीत टाकायला पाठवलं. पेटी कोपऱ्यावर. पाकीट पेटीत पडलं, कारण ते पोहोचलं. तो आला नाही. तिसऱ्या दिवशी पोलीस चौकीत फोटो मागितला, आणि मग लक्षात आलं की त्याचा फोटोच नाही. माझ्यासारखा माणूस घरात, रोज परक्यांचे शेकडो फोटो नीट करणारा, आणि भावाचा एक फोटो नाही. तो कॅमेरा बघितला की उठून जायचा. शेवटी कपाटात एक जुनं ओळखपत्र सापडलं, कुठल्याशा प्रशिक्षणाचं, त्यावर नखाएवढा फोटो. त्या फोटोवर गोल शिक्का मारलेला, डाव्या भुवईपासून उजव्या गालापर्यंत, डोळ्यांवरून सरळ. आई म्हणाली, "हा असा नको रे देऊस. शिक्का मारलेला. चोरासारखा दिसतोय. तुला येतं ना नीट करायला?" मला येत होतं.

आज केलं असतं तर वेगळं केलं असतं. शिक्क्याची शाई जांभळी होती. जांभळी शाई फोटोतल्या एका रंगाच्या चॅनेलमध्ये दाट दिसते आणि दुसऱ्यात जवळजवळ दिसतच नाही. त्या दुसऱ्यातून खालचे डोळे बरेचसे वर काढता आले असते, मिणमिणते का होईना, त्याचे. तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं असं मी म्हणत आलोय. खरं म्हणजे कानावर आलं होतं, करून बघायला वेळ लागला असता, आणि आई दर तासाला फोन करत होती. मी माझा त्याच वयाचा फोटो घेतला. आम्ही सारखे दिसायचो नाही, पण हाडं एकाच घरची. तो वर टाकला, डोळे आणि भुवया तेवढ्या ठेवून बाकीचा मास्कनं झाकला आणि ओपॅसिटी खाली आणत आणत चाळीसवर थांबलो. चाळीसवर तो धाकटा दिसायला लागला. खालचा शिक्का अजून भुताटकीसारखा जाणवत होता, म्हणून मी खालच्या लेअरवर गालाची कातडी उचलून उचलून शिक्का पुसून काढला. शिक्क्याखाली जे होतं तेही त्याबरोबर गेलं. तेव्हा चाळीस टक्के मी आणि साठ टक्के तो, असं जे मी इतकी वर्षं मनाशी म्हणत आलो ते काही खरं नाही. साठ टक्के गालाची कातडी होती. डोळे म्हणून जे काही तिथे होतं ते सगळं माझंच होतं, फिकट केलेलं. मग मी फ्लॅटन दाबलं. सगळे लेअर एकात दाबून टाकले आणि त्यावरच सेव्ह केलं. फाइल हलकी होते म्हणून दाबतात. मी दाबलं ते कुणाला माझा लेअर दिसू नये म्हणून. ओळखपत्र चौकीत जमा केलं, ते तिथेच कुठेतरी गेलं, विचारायला गेलो तर ज्यांनी घेतलं त्यांची बदली झालेली. सगळ्यांनी त्या फोटोचं कौतुक केलं. आमचा मालक, जो कशालाच चांगलं म्हणत नाही, तो म्हणाला, काय जिवंत केलंय हो तुम्ही. आणि सांगायला नको पण सांगतो, त्या दुःखातसुद्धा मला बरं वाटलं होतं.

धाकटा कधीच कुणाकडे सरळ बघायचा नाही. त्याच्या पापण्या जड, आत्ताच कुणी झोपेतून उठवल्यासारख्या, आणि बोलताना तो तुमच्या कानाशेजारी बघायचा. लहानपणी मी चिडून मागे वळून बघायचो, कोण आहे म्हणून, आणि तो हसायचा. पत्रकातला माणूस मात्र समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून बघत होता. असा माणूस हजार प्रती काढून आम्ही भिंतींवर, स्टेशनांवर, दवाखान्यांच्या दारांवर लावला. त्याचीच एक मोठी प्रत आईनं घरात लावली आणि येता-जाता ती त्याच्याशी बोलू लागली. "बघ, आज किती गार आहे. काही पांघरलंस का?" पहिली दोन-तीन वर्षं मला त्या डोळ्यांकडे बघवत नसे. मग सवय झाली. मग एक दिवस लक्षात आलं की धाकटा आठवायला गेलो तर तोच येतो, सरळ बघणारा. मागचा, कानाशेजारी बघणारा, बोलावूनही येत नाही. मी त्याला घरातून घालवलं नव्हतं. डोक्यातून मात्र मीच घालवलं, तेही आईच्या आणि माझ्या, दोघांच्याही. हे मला स्क्रीनवरच्या त्या दोन पेटलेल्या डोळ्यांसमोर बसल्यावर कळलं असं नाही. कळलेलं होतंच, फक्त त्याची ओपॅसिटी मी शून्यावर ठेवली होती. लेअर दिसत नाही म्हणून तो नसतो थोडाच.

आईला सांगितलं, एका केंद्रातून फोन आलाय, बघून येतो, बहुतेक नसेलच. सोळा वर्षांत असे पाच-सहा फोन आले होते, सुरुवातीला ती बरोबर यायची. आता तिला गुडघ्यांमुळे बस झेपत नाही. ती म्हणाली, "जा. आणि नसला तर लगेच फोन कर, मला टांगणीला ठेवू नकोस." असला तर काय करायचं ते तिनं सांगितलं नाही. बस अडीच तासांची. मी सबंध वेळ त्या अडीच तासांचाच विचार करत होतो. आम्ही त्याला शोधायला दोन-दोन दिवसांच्या प्रवासाला गेलो होतो, आणि इथे डबा घेऊन निघालो असतो तर तो गरम असतानाच पोहोचलो असतो. केंद्राची इमारत शाळेसारखी, बैठी, हिरव्या दारांची. व्हरांड्यात बाकांवर माणसं बसलेली. एकानं मला बघून नमस्कार केला, दुसऱ्यानं त्याला बघून केला, मग सगळ्यांनी केला. फोनवाल्या बाई टेबलामागे होत्या, पन्नाशीच्या, मनगटाला पट्टा बांधलेला. "एवढ्या लांब कशाला आलात? फोनवर सांगितलं असतं तरी चाललं असतं," त्या म्हणाल्या आणि फाइल काढली.

"किती वर्षं होता?" मी विचारलं. "नऊ. त्याच्या आधी कुठे होता माहीत नाही. त्रास नव्हता त्याचा. भाजी निवडायचा, चादरींच्या घड्या घालायचा. बोलायचा नाही फारसा." फाइलमध्ये आमचं पत्रक टाचलेलं होतं, घडीवर पिवळं पडलेलं. समासात पेनानं लिहिलं होतं, जुळत नाही, डोळे वेगळे, आणि खाली चार वर्षांपूर्वीची तारीख. "मीच लिहिलंय ते," बाई म्हणाल्या. "कान-बिन बघून मला आधी वाटलं होतं की हाच असेल. म्हणून त्यालाच दाखवलं. हातात धरून बसला कितीतरी वेळ. मी विचारलं, हा तू आहेस का रे? तर म्हणाला, नाही, हा माझा दादा. आणि हसला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा हसताना बघितला मी त्याला. मग पत्रक परत देईना. म्हटलं, कुठे असतो तुझा दादा, काय करतो? तर म्हणाला, तो फोटो नीट करतो." बाईंनी पान उलटलं. "आता असं आहे साहेब, इथे रोज कुणीतरी कुणाला तरी आई म्हणतं, बाबा म्हणतं. परवा एकजण मला बायको म्हणाला. सगळ्यांचं ऐकत बसले तर फोनच करत बसावं लागेल. डोळे जुळत नव्हते, मी तसं लिहून टाकलं."

मी खाली बघत होतो. टेबलावर काच होती आणि काचेखाली कुणाकुणाचे छोटे फोटो, शिक्के मारलेले, न मारलेले. त्यानं मला ओळखलं होतं. सगळ्या जगात तो एकच माणूस निघाला ज्यानं माझं काम ओळखलं. पोलिसांनी ओळखलं नाही, मालकानं नाही, आईनं नाही. ज्याचं आतलं सगळं विस्कटलंय असं हे लोक म्हणत होते त्यानं एका वाक्यात सांगितलं की हे डोळे माझे नाहीत, दादाचे आहेत. आणि खरं बोलला म्हणून तो तिथे आणखी चार वर्षं चादरींच्या घड्या घालत राहिला. खोटं बोलून हो, हा मीच, म्हणाला असता तर संध्याकाळच्या बसनं घरी आला असता. मला ओरडावंसं वाटलं. मी विचारलं, "बघायला मिळेल का?" बाई उठल्या.

शवागार मागच्या बाजूच्या दवाखान्यात होतं. तिथल्या माणसानं चेहऱ्यावरचं कापड काढायला हात घातला तसं मी म्हटलं, चेहरा नको, फोटोत बघितलाय, पाय दाखवा. त्यानं बाईंकडे बघितलं, बाईंनी मान हलवली. आमच्या घरात पायाच्या करंगळीचं नख दुभंगलेलं असतं, मधोमध चीर, आईचं तसं आहे, माझं तसं आहे. लहानपणी आम्ही दोघं पाय शेजारी शेजारी ठेवून बघायचो. त्या पायाला टाचेपर्यंत भेगा पडल्या होत्या, नखं कुणीतरी नीट कापलेली होती, आणि करंगळीचं नख मधोमध दुभंगलेलं होतं. मी ते बघत राहिलो. थंडीनं माझे दात वाजत होते आणि त्या माणसाला वाटलं मी रडतोय, त्यानं खुर्ची पुढे केली. "ओळखलंत?" बाईंनी हळू विचारलं. हो म्हटलं असतं तर पुढचे प्रश्न ठरलेले होते. कधीपासून होता? नऊ वर्षं. इतक्या जवळ? मग आपल्याला कुणी सांगितलं कसं नाही? पत्रक होतं ना त्यांच्याकडे? आई एकेक प्रश्न विचारत त्या समासापर्यंत पोहोचली असती. डोळे वेगळे. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि तिचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं चालतं. तिला हे कळलं तर ती जगायची नाही, असं मी मनाशी म्हटलं. ते खोटं नव्हतं. पण ती मला कधी तोंड दाखवू देणार नाही हेही मी त्याच वेळी म्हटलं होतं, आणि त्यातलं वरचं कुठलं आणि खालचं कुठलं ते मला आजही सांगता येत नाही. "नाही," मी म्हटलं. "हा नाही."

परत टेबलाशी आल्यावर बाईंनी छापील कागद पुढे केला. मृत व्यक्ती माझ्या ओळखीची नाही, एवढंच वाक्य, खाली सहीची जागा. मी पेन उचललं तेव्हा बाई पत्रकाकडे बघत होत्या, मग माझ्याकडे, मग पुन्हा पत्रकाकडे. "हा तुमच्यासारखा दिसतो फार," त्या म्हणाल्या. "भाऊच आहे माझा." "धाकटा?" "हो." "तुम्ही काय करता, साहेब?" खिडकीबाहेर कुणीतरी बादली ओढत नेत होतं, तो आवाज थांबेपर्यंत मी थांबलो. "हिशेबनीस आहे," मी म्हटलं. मला बेरीजसुद्धा धड येत नाही. मी सही केली, त्यांनी कागद फाइलला लावला आणि म्हणाल्या, "अजून सात दिवस ठेवतात. मग आमची संस्थाच सगळं करते. व्यवस्थित करतो आम्ही, तसं नाही." सात दिवस आहेत हे त्यांनी मला का सांगितलं ते मला समजलं होतं. मी बाहेर आलो. व्हरांड्यातल्या सगळ्यांनी पुन्हा नमस्कार केले.

घरी आई दारातच होती. फोन केला नाही म्हणून रागावलेली. "तो नव्हता ना?" "नव्हता." तिनं डोळे मिटले, भिंतीला हात लावून उभी राहिली आणि म्हणाली, "मग आहे. कुठेतरी आहे." तिच्या चेहऱ्यावर असा उजेड आला की मी चपला काढायच्या निमित्तानं खाली वाकलो. संध्याकाळभर ती बोलत होती. पत्रक जुनं झालं, ती म्हणाली, आता तो चाळिशीचा झाला असेल, कुणी ओळखणार कसा त्या पोरगेल्या फोटोवरून? तिनं कुठेतरी बघितलं होतं की मशीनवर माणसाचं वय वाढवता येतं. "तू करतोस ना लोकांचं? मग आपलं का नाही केलंस इतके दिवस? परत लावू. या वेळी मी स्वतः येते. माझ्यासमोर कर." मी टाळत राहिलो. सोमवार गेला, मंगळवार गेला. रोज सकाळी मी मोजत होतो, चार राहिले, तीन राहिले, आणि रोज कामावर जाऊन कुणाच्या तरी तोंडावरचे डाग काढत होतो. एकदा केंद्राचा नंबर लावलाही. बाईंनी हॅलो म्हटलं, दोनदा, मग म्हणाल्या, "कोण? तुम्हीच का?" मी फोन ठेवला. सातवा दिवस रविवार होता. स्टुडिओ बंद, किल्ली माझ्याकडे. आई सकाळीच तयार होऊन बसली होती. दोन जिने ती अर्धा तास चढली, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकत.

तिला गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसवलं आणि मशीन लावलं. माझ्याकडे त्याचा खरा फोटो होता. वय वाढवायची गरजच नव्हती, ते त्याचं त्यानं वाढवलं होतं. मला एकदम वाटलं, एवढं तरी करू. तोंडानं सांगता येत नाही ते समोर ठेवू, तिला कळलं तर कळलं. ती आई आहे, कळेलच. कळलं तर अजून संध्याकाळपर्यंत वेळ आहे, अडीच तासांची बस आहे. केंद्रातला फोटो उघडला, नुसता पार्श्वभूमीचा हिरवा रंग काढला, बाकी हात लावला नाही. मोड नॉर्मल, ओपॅसिटी शंभर. खुर्ची तिच्यासाठी पुढे ओढली.

आईनं चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "हा कोण?" ती म्हणाली. मी म्हटलं, "तोच, आई. आता असा दिसत असेल." "छे," ती म्हणाली. "काहीतरीच. असा कसा दिसेल? भलतीकडेच बघतोय. माझा पोर असा बघायचा का कधी?" ती हसली, मला काही येत नाही अशा अर्थानं. "डोळे चुकलेत तुझे. तुझ्यासारखे होते त्याचे डोळे, अगदी तुझे. तुझा फोटो घे ना एखादा."

मी माझा आत्ताचा फोटो घेतला. त्याच्यावर टाकला, डोळे जुळवले, ओपॅसिटीची पट्टी शून्यावर नेली आणि तिथून हळूहळू वर आणायला लागलो. आई उठून माझ्या पाठीशी आली, खांद्यावर हात टेकून वाकली. वीस. तीस. कानाशेजारी बघणारी ती नजर जागची हलायला लागली. "अजून थोडं," आई म्हणाली. चाळीस. "अजून." पन्नास. एकाच चेहऱ्यावर चार डोळे, दोन माझे आणि दोन बाजूला बघणारे, आणि तिला ते दोन दिसत नव्हते. पासष्ट. तिचा श्वास माझ्या मानेवर लागत होता. सत्तर, ऐंशी. "थांब," ती म्हणाली आणि तिच्या बोटांनी माझा खांदा गच्च धरला. "हा. आता आला बघ माझा." ती रडत होती. तिनं पुढे होऊन काचेवर हात ठेवला, गालावर ठेवतात तसा, आणि तसाच ठेवून उभी राहिली. भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा झाले होते. साडेबाराची बस होती. मी फ्लॅटन दाबलं आणि तिला विचारलं, किती प्रती काढू.